टप कापलेली मोटार घेताना सावधान!
— ऊस विकास विभागाकडून



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरात दोन-चार बेत शिजू लागतात. कोणी विहिरीला मोटर बसवतो, कोणी ठिबकचा संच घेतो, कोणी मुलीचे लग्न काढतो. अलीकडे मात्र गटागटांतून फिरताना आम्हाला एक नवाच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, उघडी गाडी मिळतेय स्वस्तात. वरातीला भाड्यानं लावली तर वर्षात पैसे फिटतील. घ्यावी का?"

गाडी हा काही आमच्या खात्याचा विषय नाही. पण बिलाचे पैसे सभासदाचे, आणि ते बुडाले तर पुढच्या लागणीला खताची बोंब होते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून हा लेख.

आमच्या ओळखीच्या एका सभासदाने जुनी मोटार घेतली. मूळची ती बंद टपाची. कोणीतरी टप कापून, रंग देऊन, मागे उंच बैठक करून ती वरातीची केलेली. दिसायला झकास! पहिल्याच खेपेला राजूर घाटात मागचे दार आपोआप उघडले. दुसऱ्या महिन्यात समोरच्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला. पुढे नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली, नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला नेली, तर कागदावरची गाडी आणि दारात उभी असलेली गाडी यांचा मेळच बसेना. नूतनीकरण झाले नाही. शेवटी गाडी भंगाराच्या भावाने गेली. विकणारा केव्हाच हात झटकून मोकळा झाला होता.

टप म्हणजे नुसती सावली नव्हे

पुष्कळांचा समज असा, की टप ऊन-पावसासाठी असतो. काढला तर फार तर डोक्याला ऊन लागेल. ही चूक आहे. मोटारी दोन प्रकारच्या असतात. जीप, बोलेरो, जिप्सी यांना खाली स्वतंत्र लोखंडी चेसिस असते. बैलगाडीच्या खालच्या सांगाड्यासारखी ती सगळा भार पेलते. दुसऱ्या प्रकारात वेगळी चेसिस नसते. तळ, खांब, दारांच्या चौकटी आणि टप मिळून एकच पेटी होते आणि भार ती पेटीच पेलते. जुनी फियाट, अँबेसडर, मारुती ८०० या सगळ्या अशाच. अँबेसडर कितीही दणकट दिसली तरी तिचे बळ पेटीत होते.

घरी करून पाहा. भरलेली आगपेटी हातात घेऊन पिळा, पिळत नाही. आता वरचे कव्हर काढा आणि आतला ट्रे पिळा. लगेच वाकडा होतो. टप कापलेल्या गाडीचे तेच होते. एक चाक खड्ड्यात गेले की अंग पिळते, दारांच्या फटी कमी-जास्त होतात, काच तडकते, जोड उघडे पडतात, आणि त्यातून पाणी शिरून गंज धरतो. आपल्याकडचे शिवाररस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत.

याहून मोठा धोका माणसाला. गाडी उलटली तर डोक्यावर काही उरत नाही. टपाबरोबर मधला खांब कापला असेल, तर त्याला बांधलेला सीटबेल्टही गेला. आणि वरातीत अशा गाडीत उभी कोण असतात? आपलीच पोरे.

कारखान्यात बनलेली उघडी गाडी वेगळी

मग परदेशात उघड्या मोटारी चालतात त्या कशा? तिकडे पक्क्या टपाच्या दोन दारी मोटारीला कूपे म्हणतात आणि घडीच्या टपाच्या मोटारीला कन्व्हर्टिबल. कन्व्हर्टिबल बनवताना कारखाना टप काढून थांबत नाही. गेलेले बळ खालच्या बाजूला जादा पोलाद घालून भरून काढतो. अमेरिकेत १९६४ साली आलेली फोर्ड मस्टँग दोन्ही प्रकारांत मिळे, आणि उघड्या मस्टँगच्या तळाला व दाराखाली जादा पत्रे होते. त्या काळच्या मस्टँगच्या नंबरात ०७ असेल तर ती मूळची पक्क्या टपाची, ०८ असेल तर मूळची उघडी. जाणकार गिऱ्हाईक रंग पाहत नाही, आधी नंबर वाचतो.

आपल्याकडे मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड होती. तिला वेगळी चेसिस होती, म्हणून तिच्या अंगाचे बळ टपावर अवलंबून नव्हते. २०२० साली आलेल्या थारमध्येही कापडी टपाचा प्रकार होता. पण तो कंपनीनेच आखलेला, आत संरक्षक नळ्यांचा पिंजरा असलेला. गल्लीत कटर लावून केलेले काम आणि हे काम यांची बरोबरी होत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंधन बदलाचे किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला बदल यांना रीतसर परवानगीने वाव आहे. टप कापण्याला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. आणि मालक म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे तो. म्हणजे घेतल्यावर तुम्ही!

विम्याचेही तसेच. न कळवलेला फेरफार निघाला, की गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

घेण्यापूर्वी एवढे पाहा

१) नोंदणी पुस्तकातील गाडीचा प्रकार, आसनसंख्या व रंग समोरच्या गाडीशी जुळतो का? गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून मालक, विमा व नोंदणीची मुदत पाहा.

२) चेसिस नंबर स्वतः वाचा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच रामराम करा.

३) सपाट जागी सर्व दारे उघडून-लावून पाहा. मग एक चाक जॅकने उचलून पुन्हा पाहा. दार अडले किंवा फट बदलली तर गाडी पिळते आहे.

४) पायाखालची चटई उचला. वेल्डिंगचे ठिगळ, गंज, ताजा डांबरी रंग दिसला तर संशय धरा.

५) "कागद नंतर करून देतो" या बोलीवर एक रुपयाही देऊ नका.

कंपनीनेच उघडी म्हणून बनवलेली आणि कागदावर तशीच नोंद असलेली गाडी कोणी घेतली, तर आमची हरकत नाही. पण बेणे घेताना आपण डोळा पाहतो, कांडी चिरून आत लाल तर नाही ना ते पाहतो. दोन डोळ्यांच्या टिपरीसाठी एवढी पारख करणारा शेतकरी वर्षाच्या बिलाची गाडी नुसता रंग पाहून घेतो, हे बरे नव्हे. शंका असेल तर इसार देण्यापूर्वी चांगल्या मिस्त्रीला सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी फसवणुकीपेक्षा खचितच स्वस्त पडेल.