मनाचे दुखणे आणि त्याची भाषा

कृष्णेच्या उगमापाशी मनाचा भार हलका करण्यासाठी यात्रेकरू शतकानुशतके क्षेत्र महाबळेश्वरी येत आले आहेत. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने तेथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले आणि उन्हाळ्याने थकलेले इंग्रज अधिकारी प्रकृती सुधारण्यासाठी येऊ लागले. एकाने देवावर भिस्त ठेवली, दुसऱ्याने हवेवर. पुढे ‘हवापालट’ हा शब्द मराठी घरांतही रूढ झाला.

हवापालटाने जाते ती चार दिवसांची उदासी. नैराश्य हा आजार निराळा. त्यात आठवडेच्या आठवडे कशातच गोडी वाटत नाही, झोप व भूक मंदावते आणि आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. हा आजार सर्व देशांत आढळतो. मात्र रोगी तो सर्वत्र एकाच शब्दांत सांगत नाही. १९८० च्या सुमारास चीनच्या हूनान प्रांतात आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसवैद्यांना असे अनेक रोगी भेटले. त्यांची तक्रार असे डोकेदुखीची, थकव्याची. आणि तेथील डॉक्टर तिला मज्जातंतूंची दुर्बलता म्हणत. आपल्याकडेही ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच कोणी म्हणतो. ‘अंगात त्राण नाही’, ‘जीव घाबरा होतो’, असेच शब्द तोंडी येतात. ऐकणाऱ्याने केवळ अंगदुखीची गोळी दिली, तर मूळ दुखणे तसेच राहते.

पुढे जग जवळ आले. महाबळेश्वराच्या मळ्यांत परदेशी स्ट्रॉबेरीची रोपे रुजली, तसे ‘टेन्शन’ व ‘डिप्रेशन’ हे शब्द मराठीत रुजले. त्यामुळे वेडाचा शिक्का न बसता मनाविषयी बोलणे थोडे सोपे झाले, हा लाभ खराच. परंतु चार गुण कमी पडले तरी ‘डिप्रेशन’ म्हणण्याची सवयही लागली, आणि त्या गलबल्यात खरा आजारी ओळखू येईनासा झाला.

गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने यातून एक वाट काढली. मानसोपचारतज्ज्ञ थोडे, म्हणून तिने सर्वसाधारण माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसविले. सहा ते आठ भेटींत ते रोग्याला सुटलेली नित्याची, आवडीची कामे पुन्हा हळूहळू धरावयास लावीत. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या रोग्यांपैकी अधिक जण बरे झाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. उपायाचे मूळ पाश्चात्त्य होते. बोलणे मात्र रोग्याच्या भाषेत चाले.

भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.