कॉपीफील्डमधला स्टार: सोयीचा, पण लगाम हवा

अपाचे सोलरच्या स्कीमामध्ये कॉपीफील्ड नावाची एक सोय आहे. आज ती पाहू, आणि तिच्यातला स्टार, म्हणजेच वाइल्डकार्ड, कुठे वापरायचा आणि कुठे नाही, तेही पाहू.

समजा, माजी सैनिकांचे पेन्शनचे तक्रार-अर्ज आपण सोलरमध्ये भरतो आहोत. विषय एका फील्डमध्ये, मजकूर दुसऱ्यात, कार्यालयाचा शेरा तिसऱ्यात. शोधणारा 'थकबाकी' एवढाच शब्द टाकतो. तो शब्द कोणत्या फील्डमध्ये आहे, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. म्हणून सगळ्या मजकुराची एक प्रत 'टेक्स्ट' या एकाच फील्डमध्ये ठेवायची आणि शोध तिथे घ्यायचा.

प्रत्येक फील्डसाठी वेगळी ओळ लिहायची गरज नाही. सोर्समध्ये '*_टी' आणि डेस्टमध्ये 'टेक्स्ट' लिहा. (नावं इथे देवनागरीत आहेत, फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच लिहा.) नावाच्या शेवटी '_टी' असलेलं प्रत्येक फील्ड आपोआप येतं, उद्या नवं जोडलं तरी. डेस्टमध्ये अनेक फील्डचा मजकूर येणार, म्हणून ते मल्टीव्हॅल्यूड ठेवा.

आता धोका. आळस करून सोर्समध्ये नुसता '*' टाकला, तर पेन्शन क्रमांक, मोबाइल, बँक खातं, सगळंच 'टेक्स्ट'मध्ये जातं. 'टेक्स्ट' स्टोअर्ड नाही, म्हणून ते दिसत नाही; पण इंडेक्समध्ये असल्यामुळे सापडतं. कोणी खाते क्रमांक टाकला, की त्या माणसाचा अर्ज समोर येतो. म्हणून खासगी फील्डच्या नावाला वेगळा शेवट द्या, उदाहरणार्थ '_एस', आणि स्टार '_टी'पुरताच ठेवा.

स्टार डेस्टमध्येही चालतो, पण सोर्समध्ये असेल तरच. '*_टी'वरून '*_एक्झॅक्ट' केलं, तर 'सब्जेक्ट_टी'ची प्रत 'सब्जेक्ट_एक्झॅक्ट'मध्ये जाते. क्रम लावायला हे उपयोगी. मात्र तिथला प्रकार स्ट्रिंग असेल, तर पूर्ण मजकूर हा एकच शब्द धरला जातो, आणि अशा शब्दाची मर्यादा 32,766 बाइट आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की मात्रा, 3 बाइट घेतं. म्हणजे जेमतेम 10,900 चिन्हं. लांबलचक अर्ज आला की सोलर तो नाकारतं. उपाय म्हणजे मॅक्सकॅर्स. पण इंग्रजी उदाहरणांतला 30,000 चा आकडा तसाच उचलू नका. क्रम लावायला 200 पुरे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. प्रत मूळ मजकुराची होते, विश्लेषणानंतरच्या शब्दांची नव्हे. प्रतीची पुढे प्रत होत नाही. 'टेक्स्ट'मधून आणखी कुठे काही जात नाही. आणि स्कीमा बदलल्यावर जुने अर्ज पुन्हा इंडेक्स करावेच लागतात. नुसता '*' काढून '*_टी' केलं, तरी आधीचे खाते क्रमांक तोवर इंडेक्समध्येच राहतात.

तेव्हा आज आपली स्कीमा फाइल उघडा आणि नुसता स्टार कुठे आहे का, ते आधी शोधा. भेटू पुढच्या भागात.