वाचकाची पोच

पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमच्या मासिकाचे कार्यालय होते, आणि सकाळी अकराच्या सुमारास जिन्यावर टपालवाल्याची पावले वाजली की हातातली मुद्रिते बाजूला सारून मी बारनिशी उघडीत असे. आलेले प्रत्येक पत्र फोडावे, त्यावर तारखेचा शिक्का मारावा, पाठविणाऱ्याचे नाव, गाव आणि मजकुराचा सारांश एका ओळीत आवक बारनिशीत नोंदवावा, आणि उत्तर रवाना झाल्यावर जावक क्रमांक त्याच ओळीपुढे चढवावा, असा संपादकांनी घालून दिलेला शिरस्ता होता. महिनाअखेर बारनिशी तपासताना ज्या ओळीपुढची जागा कोरी दिसे, तिच्यावर बोट ठेवून ते काही न बोलता माझ्याकडे पाहत. १८७९ साली हिंदुस्थानात एक पैशाचे पोस्टकार्ड सुरू झाले, आणि ज्याच्यापाशी लिफाफ्याची ऐपत नव्हती, त्यालाही दूरच्या माणसाला आपले म्हणणे कळविण्याचा मार्ग मोकळा झाला. मी कामावर रुजू झालो तेव्हा कार्डाचा दर वाढला होता, तरी आमच्याकडे येणाऱ्या टपालात त्याचेच प्रमाण अधिक असे.

गठ्ठ्यात सर्वांत जास्त कार्डे ‘अंक मिळाला नाही’ अशा तक्रारीची असत. नव्या माणसाला ही पत्रे कंटाळवाणी वाटतात, मलाही वाटली. परंतु महिन्याची बारा तारीख उलटली आणि अंक आला नाही हे ज्याच्या ध्यानात येते, जो गावच्या पोस्टात दोनदा जाऊन चौकशी करतो, आणि मग आपला वर्गणीदार क्रमांक अचूक नमूद करून आमच्याकडे खुलासा मागतो, त्याच्याइतका निष्ठावंत वाचक दुसरा कोण, हे कळायला मला वर्ष लागले. त्याला दुसरा अंक पाठविणे हा व्यवहार झाला. सोबतच्या चिठ्ठीत ‘आपण वाट पाहिलीत, दिलगीर आहोत’ एवढे हाताने लिहिले, की पुढल्या महिन्यात त्याचे अंकातील एखाद्या लेखाविषयी कार्ड येई, असा माझा अनुभव आहे.

स्तुतीची पत्रे मात्र फारशी उपयोगाची नसत. ‘अंक उत्कृष्ट, सर्वच साहित्य वाचनीय’ हे वाक्य कोणत्याही मासिकाच्या कोणत्याही अंकाला लागू पडते. पत्र वाचून लिहिलेले आहे याची खूण म्हणजे त्यातला तपशील: पानाचा क्रमांक, न पटलेले एखादे विधान, ‘आमच्याकडे हे निराळ्या रीतीने करतात’ असा एखादा शेरा. मध्यंतरी एका हितचिंतकाच्या आग्रहावरून आम्ही बक्षिसाची कूपने छापली. चार महिने टपालाच्या पिशव्या भरून आल्या, मी नोंदी करून थकलो, आणि त्या साऱ्या ढिगाऱ्यात लेखनाविषयी एक ओळ सापडली नाही. योजना संपली त्या महिन्यात टपाल पूर्ववत झाले.

ज्या प्रकरणाने मला या कामाचे मर्म कळले ते एका दिवाळी अंकाचे. त्यात मुंबईच्या एका लेखकाची कथा होती, आणि तिच्यातील सोलापूरकडचा शेतकरी पाडव्याच्या दिवशी शाळूच्या कडब्याची गंज रचीत होता. मंगळवेढे तालुक्यातून एक आंतरदेशीय पत्र आले. पहिल्या चार ओळींत अंकाचे कौतुक होते. उरलेल्या जागेत, कडेच्या पट्टीवरसुद्धा बारीक अक्षरात, असे लिहिले होते की शाळू पेरला जातो भाद्रपद-आश्विनात, दिवाळीत तो लहानच असतो, काळ्या रानातल्या ओलीवर वाढत वाढत त्याच्या हुरड्याला पौष उजाडतो, आणि कापणी-मोडणी होऊन कडबा गंजीला लागायला फाल्गुन येतो. तेव्हा कथेतील शेतकऱ्याने ही गंज कोठून आणली? जागेची अडचण होती म्हणून मी वाचकांच्या पत्रांच्या सदरात पहिल्या चार ओळी तेवढ्या घेतल्या. पंधरा दिवसांनी त्याच अक्षरातले कार्ड आले: माझ्या पत्रातले आपणांस हवे होते तेवढे आपण घेतले, उरलेले मला परत पाठवावे.

ते कार्ड मी संपादकांसमोर ठेवले. त्यांनी मूळ पत्र कथाकारांकडे पाठविले, कथाकारांनी चूक मोकळ्या मनाने मान्य केली, आणि पुढील अंकात ते पत्र अथपासून इतिपर्यंत, कथाकारांच्या उत्तरासह छापले गेले. मला क्षमापत्र लिहिण्याची आज्ञा झाली. क्षमा मागून झाल्यावर कार्डावर जागा उरली, म्हणून मी सहज तीन प्रश्न विचारले: खळ्यावर तिवड्याभोवती पात फिरते तेव्हा बैलांना मुसकी घालतात का, उपणणीच्या वेळी वारा पडला तर काय करतात, आणि खळ्यावरून पहिले धान्य कोणाला जाते. उत्तर म्हणून शाळेच्या वहीतील नऊ पाने आली. ती जवळजवळ जशीच्या तशी आम्ही लेख म्हणून छापली. आणि मग बार्शीहून, जतहून, जामखेडहून पत्रे सुरू झाली, कोणी अवजाराचे आपल्याकडचे नाव कळविले, कोणी लेखकाचे म्हणणे खोडून काढले, एका वृद्ध बाईंनी रास भरताना मौन पाळण्याची आपल्या माहेरची चाल लिहून पाठविली. आजवर हे वाचक आमच्याशी बोलत होते. आता ते एकमेकांशी बोलू लागले, आणि मधल्यामध्ये आम्ही केवळ टपाल पोहोचविणारे उरलो. मासिकाच्या वाट्याला याहून मोठा मान येतो असे मला वाटत नाही.

याच सुमारास एका ग्रंथसंग्रहालयात मी र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक चाळीत होतो. १९२७च्या जुलैत निघालेल्या त्या मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली जात, आणि त्या शंका अशा, की घरात त्या उच्चारण्याची सोय नव्हती. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांनी मासिक थांबविले नाही. १९५३ साली त्यांचा अंत होईपर्यंत ते निघत राहिले. विचारणाऱ्याची हेटाळणी होणार नाही आणि उत्तर टाळले जाणार नाही, ही खात्री त्या वाचकाला कोणत्या बळावर वाटत होती, याचा मी त्या टेबलाशी पुष्कळ वेळ विचार केला. जुन्या अंकांतून दिलेली उत्तरे वाचूनच ती त्याला वाटली असली पाहिजे.

तेव्हापासून उत्तर लिहिण्याची माझी रीत ठरली. पत्र दोनदा वाचावे; दुसऱ्या वाचनात ज्या वाक्यापाशी लिहिणाऱ्याचा हात थबकलेला किंवा शाई दाटलेली दिसते, त्या वाक्याला आधी उत्तर द्यावे; ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणून कळवावे, आणि ज्याला ठाऊक असेल त्याच्याकडे विचारणा करावी. छापील पोचकार्डे वापरून वेळ वाचविण्याचा प्रयोग आम्ही एकदा केला होता. ज्यांना ती गेली त्यांच्यापैकी पुष्कळांची नावे बारनिशीत पुन्हा दिसली नाहीत. हाताने लिहिलेल्या एका उत्तराला पंधरा मिनिटे लागत, दिवसाला दहा-बारा उत्तरे होत, आणि हे काम कारकुनाचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी नियतकालिक चालविण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकांना मात्र एक विनंती आहे. वाचलेल्या मजकुरात चूक आढळली, किंवा आपल्या गावी तीच गोष्ट निराळ्या नावाने चालत असली, तर पान आणि ओळ नमूद करून संपादकांना अवश्य कळवावे, खाली आपले पूर्ण नाव व पत्ता लिहावा, आणि महिन्याभरात उत्तर आले नाही तर पुन्हा लिहावे.