आयत्या बिळावर नागोबा आणि त्याचा थर्मोस्टॅट

"थर्मो शिकून करायचंय काय?" हा प्रश्न सेकंड इयरला प्रत्येकाने एकदा तरी विचारलेला असतो. मला त्याचं उत्तर मिळालं ते एका सापाकडून!

आमच्या हॉस्टेलचा एक सिनियर एम. एस. करायला अमेरिकेत गेला. तिथल्या रूम पार्टनरने काचेच्या पेटीत बॉल पायथन पाळला होता. डिसेंबरात त्या सापाने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी. डोळ्यांवरचे पापुद्रेही तसेच चिकटून राहिले. पार्टनरला वाटलं, बिचाऱ्याला थंडी वाजत असेल. त्याने जास्त वॅटचा दिवा लावला. पुढची कात आणखी वाईट निघाली!

चूक कुठे झाली? 25 अंश सेल्सिअसची, 60 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा घ्या आणि पाणी न घालता 32 अंशांपर्यंत तापवा. वाफ तेवढीच राहते, पण गरम हवेची वाफ धरण्याची ताकद वाढते. त्यामुळे आर्द्रता 60 वरून थेट 40 टक्क्यांवर येते. सायक्रोमेट्रिक चार्टवर आडवी रेघ ओढा, पटेल. त्यात हिवाळ्यात घरातला हीटर चालू, म्हणजे मुळातच हवा कोरडी. दिव्याने ती आणखी कोरडी केली.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे तो उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत राहतो. अगदी आयत्या बिळावर नागोबा! बाहेर कितीही कोरडं असलं तरी बीळ दमट असतं. पेटीत आपल्याला ते बीळ तयार करायचं असतं.

सापाचं शरीर आपल्यासारखी उष्णता तयार करून तापमान राखत नाही. तो जागा बदलून तापमान सांभाळतो. थोडक्यात, कंट्रोलर तो स्वतःच आहे. आपण फक्त त्याला निवड द्यायची. पेटीच्या एका टोकाला साधारण 31-32 अंश, दुसऱ्या टोकाला 25-26, आणि दोन्हीकडे लपायला जागा. सगळी पेटी एकाच तापमानाची केली तर निवड संपली. गार राहिला तर खाल्लेलं पचत नाही, उलटून पडतं. फार तापला तर जीवच जातो.

हीटिंग मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावणं म्हणजे ओपन लूप. मॅट तापत राहते आणि सापाचं पोट भाजतं. थर्मोस्टॅट लावला तरी सेन्सर गरम जागेवर पक्का बसवायला हवा. तो सरकून गार कोपऱ्यात गेला, की थर्मोस्टॅटला वाटतं अजून थंडीच आहे, आणि मॅट बंदच होत नाही! म्हणून गरम टोकाला एक वेगळा थर्मामीटर हवाच.

आर्द्रता साधारण 60 टक्के ठेवायची, कात टाकायच्या वेळी थोडी जास्त. पण म्हणून सगळी पेटी चिंब करायची नाही. तळ सतत ओला आणि हवा कोंडलेली असली की खवले सडतात, श्वसनाचे आजार होतात.

आमच्या सिनियरने चार गोष्टी केल्या. मॅटला थर्मोस्टॅट, वरच्या जाळीचा काही भाग झाकला, पाण्याचं भांडं मोठं केलं आणि एका डब्याला भोक पाडून आत ओलसर शेवाळ भरलं. पापुद्रे मात्र स्वतः ओढले नाहीत. ते काम जनावरांच्या डॉक्टरांचं. पुढची कात डोक्यापासून शेपटीपर्यंत मोज्यासारखी अखंड निघाली!

मित्रांनो, हे वाचून हॉस्टेलमागच्या झुडपांत साप शोधायला जाऊ नका. आपल्याकडचे साप पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींनाही 2022 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम लागू आहेत. रूममध्ये साप निघालाच, तर लांब राहा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा.

रूममधला पंखा बिघडला तर आपण रेक्टरकडे तक्रार तरी करतो. पेटीतल्या सापाला तेही करता येत नाही. त्याची तक्रार कातीवर लिहिलेली असते. ती वाचता आली, तर थर्मो वाया गेलं नाही म्हणायचं!