फौजेतून फाटकावर : माजी सैनिक आणि क्षयरोग

कारखान्यांच्या फाटकावर रात्रपाळी करणाऱ्या रखवालदारांत माजी सैनिक पुष्कळ आढळतात. शिपायाला पेन्शनसाठी निदान १५ वर्षे नोकरी लागते, म्हणजे पस्तिशी-चाळिशीतच तो घरी येतो. मुलांची शिक्षणे व्हायची असतात. दुसरी नोकरी धरणे भाग पडते. फौजेत शरीर कमावलेल्याला क्षय कसा होईल, असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे.

पलटणीत वेळेवर पोटभर जेवण होते, वैद्यकीय तपासणीही होती. आता समजा, असा एक निवृत्त नाईक तारापूर वसाहतीत कामाला आहे आणि कुंभवलीत चौघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. खिडकी एकच, तीही डासांमुळे बंद. पेन्शन गावी जाते. उरलेल्या पगारात भाडे, खानावळीची पातळ आमटी आणि जागरणासाठी बिडी. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत येतात व बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. ते शरीरात शिरले तरी दहांपैकी नऊ जण कधीच आजारी पडत नाहीत. कुपोषण, मधुमेह, धूम्रपान, दारू यांनी मात्र धोका वाढतो.

नुसत्या अन्नाने किती फरक पडतो पाहा. झारखंडमधील एका मोठ्या पाहणीत क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना सहा महिने दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ व जीवनसत्त्वे दिली. अशा घरांत नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

खोकला लपवला जातो तो रोजी बुडेल म्हणून. पगारातून कामगार विमा (ईएसआय) कापला जात असेल व दोन वर्षे सलग नोकरी झाली असेल, तर क्षयासाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते. ही गोष्ट ठेकेदार सहसा सांगत नाही. पेन्शनर सैनिकांना २००३ पासून माजी सैनिक आरोग्य योजनाही आहे. २०२२ च्या योजनेतील, चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना मात्र पेन्शन नाही आणि ही सोयही नाही. त्यांचा विचार आताच व्हावा, असे आम्हांस वाटते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी कणकण, वजनात घट असल्यास सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. औषधे मोफत असतात, बहुधा सहा महिने घ्यावी लागतात. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. एका खोलीत झोपणारे सोबतीही, नात्याचे नसले तरी, तपासणीला बरोबर न्यावेत.