अंतःकरणाचे सोवळे

आज नाताळ. आम्ही पंढरीचे कीर्तनकार. तरी आज लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण होते. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या माउलीवर आकाश कोसळले. वियोगाचा काही काळ त्यांनी आमच्याच पंढरपुरात काढला. सोवळे कडक होते. पुढे पतीजवळ राहताना, जाती देवाने निर्मिल्या नाहीत, हे त्यांच्या मनाने घेतले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या हातांनी माणसे दूर ठेवली, त्याच हातांनी अनाथ लेकरांना जवळ घेतले. ख्रिस्तश्रद्धेने हेतूच पालटला! गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतही दुराचाऱ्याचा निश्चयच पाहतात. वाचकहो, आमचे सोवळे अद्याप वस्त्रापाशीच थांबले आहे काय? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो.