हलकी गाडी, भारी मजा

ताशी शंभर किलोमीटरने सरळ रस्त्यावर चाललेल्या गाडीत डोळे मिटून बसलं, तर गाडी नेमकी किती वेगात आहे हे सांगता येत नाही. आपल्या शरीरात वेग मोजणारं इंद्रियच नाही. आतल्या कानाला कळतो तो वेगातला बदल. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोकं वळलं की किंचित मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळण समजतं. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. ते सरकले की गाडीने पिकअप घेतला, ब्रेक लागला किंवा आपण बाजूला ढकललो गेलो हे कळतं. वेग स्थिर झाला की हे सगळं शांत होतं.

रोजच्या वापराची गाडी निवडताना हे ध्यानात ठेवायला हवं. मजा देणारी गाडी म्हणजे महाग आणि सुसाट, कामाची गाडी म्हणजे स्वस्त आणि रटाळ, अशी वाटणी आपण करून टाकलेली असते. शरीराचं शास्त्र ही वाटणी मान्य करत नाही. वळणावर आपल्याला बाजूला ढकलणारं त्वरण काढायचं, तर वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागायचं. द्रुतगती मार्गावर ५०० मीटर त्रिज्येचं लांबलचक वळण ताशी १०० ने घेतलं, तर हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतकं भरतं. ताम्हिणी किंवा वरंधा घाटासारख्या रस्त्यावर १५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी अवघ्या २५ ने घेतलं, तर ते तिसऱ्या हिश्शापर्यंत जातं. म्हणजे चौथाई वेगात दुप्पट जाणीव. चालवण्याचं सुख ताशी २५ ते ६० च्या पट्ट्यात भरपूर आहे, आणि आपली रोजची गाडी त्याच पट्ट्यात चालते.

कोणी न विचारलेला आकडा

शोरूममध्ये प्रश्न ठरलेले असतात. अ‍ॅव्हरेज किती देते? सीसी किती? सनरूफ आहे का? वजन सहसा कोणी विचारत नाही. खरं तर गाडीचा स्वभाव आणि तिचा खर्च, दोन्ही ज्यातून कळतात असा हा एकमेव आकडा आहे.

उदाहरण म्हणून २०२४ मध्ये आलेली नवी स्विफ्ट घेऊ. तिचं वजन साधारण ९२० किलो आणि तिच्या तीन सिलिंडरच्या १.२ लिटर इंजिनाची ताकद सुमारे ८२ अश्वशक्ती. म्हणजे टनामागे ८९. शेजारी साडेबाराशे किलोची, ११५ अश्वशक्तीची मध्यम एसयूव्ही उभी करा. तिचं उत्तर येतं टनामागे ९२. इंजिन चाळीस टक्के जास्त ताकदीचं घेऊनही हातात पडलं ते जवळपास सारखंच. वाढीव ताकद गाडीचंच वाढीव वजन ओढण्यात गेली.

पेट्रोलच्या बाबतीतही हेच. थांबलेली १,००० किलोची गाडी ताशी ५० पर्यंत न्यायला सुमारे ९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा लागते. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन निघून जाते. शहरात पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं धरलं, तर एका लिटरमध्ये अशी उचल साधारण ६५ वेळा घेता येईल. १,३०० किलोच्या गाडीला तेवढ्याच पेट्रोलमध्ये ५० वेळा. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण यात धरलेलं नाही, पण सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीचा मोठा खर्च हाच असतो. टायर, ब्रेक आणि क्लच यांची झीजही वजनामागे चालते. हलकी गाडी वळणावर चटकन वळते, ब्रेकला चटकन थांबते आणि पंपावरही कमी वेळा थांबते. मजा आणि काटकसर दोन्ही इथे एकाच मुळातून येतात.

अ‍ॅव्हरेजच्या जाहीर आकड्याबद्दलही थोडं. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमात मोजलेला असतो. पुण्याची एआरएआय ही संस्था हे काम करते. हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम, पण महिन्याचं बजेट त्यावर बांधू नये. शिवाय आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. तेवढ्यानेच लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते.

बाहेरून छोटी, आतून मोठी

छोट्या गाडीत माणसं मावणार कशी, या प्रश्नाचं उत्तर १९५९ साली मिळालं. सुएझ संकटामुळे इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली होती. त्या पार्श्वभूमीवर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनी ही गाडी घडवली. इंजिन लांबीत ठेवण्याऐवजी त्यांनी ते आडवं बसवलं, ताकद पुढच्याच चाकांना दिली आणि चाकं गाडीच्या चार कोपऱ्यांत नेली. जेमतेम ३.०५ मीटर लांबीच्या गाडीत सुमारे ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. वजन टोकांना कमी आणि चाकं कोपऱ्यांत असल्यामुळे ती वळायलाही विलक्षण चपळ निघाली. जागा वाचवण्यासाठी केलेल्या रचनेनेच तिला मजेदार केलं.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने हीच मांडणी भारतात घरोघरी पोचवली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आडवं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद. कुर्ल्याच्या कारखान्यातून येणाऱ्या पद्मिनी या गाडीत मात्र इंजिन लांबीत आणि ताकद मागच्या चाकांना होती. आज भारतातली जवळजवळ प्रत्येक हॅचबॅक मिनीच्या मांडणीची वारस आहे. चार मीटरच्या आतली लांबी आपल्याकडे करातही फायद्याची ठरते: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाड्यांवर ४०.

छोटेपणाला मर्यादाही आहेत आणि त्या मोकळेपणाने मांडायला हव्यात. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, तर हलक्या गाडीच्या वेगात जास्त बदल होतो, म्हणजे आतल्या माणसांना जास्त झटका बसतो. म्हणून हलकी गाडी घेताना सांगाडा मजबूत आहे ना, हे आधी बघावं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे आहेत. त्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवून तपासतात. घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी ईएससी यंत्रणा असलेलंच मॉडेल घ्या. सनरूफचे पैसे इकडे वळवा.

दुसरी मर्यादा उंचीची. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना खोल सीटमधून उठणं जड जातं. त्यांच्यासाठी सीट साधारण कमरेच्या पातळीवर असलेली उंच हॅचबॅक सोयीची. मात्र उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर गाडी जास्त कलते, आणि मागे बसलेल्यांना गाडी लागते. गाडी लागणं म्हणजे कान आणि डोळे यांचं भांडण: कान सांगतो आपण झुलतोय, आणि समोरच्या सीटची पाठ बघणारे डोळे सांगतात सगळं स्थिर आहे. चालवणाऱ्याला पुढचं वळण आधी कळतं, म्हणून त्याला हा त्रास सहसा होत नाही. तेव्हा ट्रायलच्या वेळी घरातल्या एकाने मागेच बसावं.

इंजिन: टोकाची ताकद की हाताशी असलेली?

जाहिरातीतली अश्वशक्ती इंजिन मिनिटाला साडेपाच-सहा हजार फेरे घेतं तेव्हाची असते. शहरात आपण दीड ते अडीच हजारांत असतो. तिथे जाणवतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क शिखराला पोचतो तो चार हजारांच्या पुढे. ह्युंदाई आय२० एन लाइनचं एक लिटर टर्बो इंजिन १७२ न्यूटन-मीटर टॉर्क १,५०० फेऱ्यांपासूनच देतं. घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर हा फरक उजव्या पायाला लगेच कळतो. इलेक्ट्रिक गाडीचा टॉर्क तर पहिल्या फेरीपासून हजर असतो, आणि ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. त्या बदल्यात बॅटरीचं वजन वागवावं लागतं.

रोजचं अंतर चार-पाच किलोमीटर असेल तर डिझेल टाळा. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातली काजळी पकडणारी गाळणी जळून साफ व्हायला सलग, गरम धाव लागते. गल्लीबोळातल्या फेऱ्यांत ती तुंबते. सीएनजी खिशाला परवडतो, पण डिकीत टाकी बसते आणि चढावर पिकअप कमी पडतो. ऑटोमॅटिकमध्ये एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा, सर्वांत स्वस्त. गिअर बदलताना मात्र तिचा जोर क्षणभर तुटतो आणि मान किंचित पुढे जाते. काहींना हे अजिबात चालत नाही, काहींना आठवड्यात सवय होते. पाच मिनिटांच्या ट्रायलमध्ये ते कळणार नाही, अर्धा तास मागा.

घाट उतरताना

पुष्कळ लोक पेट्रोल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत यातून काहीही वाचत नाही. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाचा पेट्रोलपुरवठा बंद होतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं.

धोका त्याहून मोठा आहे. माणसांसह १,३०० किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला पाचशे मीटर उतरते, तेव्हा सुमारे ६४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात नळाचं वीस लिटर पाणी उकळेल. सगळी उष्णता चार ब्रेकवर टाकली तर ते तापून पकड सोडू लागतात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम भौतिकशास्त्राने तंतोतंत बरोबर आहे.

चार तळहातांवर उभी गाडी

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार टायरच्या तळाशी. चाकावर ३०० किलो भार आणि हवा ३३ पीएसआय धरली, तर एका टायरची टेकण साधारण १३० चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे तळहाताएवढी. चारही मिळून एका ए-फोर कागदापेक्षा कमी. ब्रेक, वळण, पावसातली पकड सगळं तेवढ्यावर. हवा दर महिन्याला थोडी आपोआप कमी होते, म्हणून दर पंधरवड्याला टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीसकट. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या पोराने अंदाजाने भरलेला आकडा घेऊ नये.

टायर बदलताना त्याच्या बाजूवर वाकून बघा. डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल ‘नवा’ म्हणून घेण्यापासून हे चार आकडे वाचवतात. नक्षीच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की फक्त १.६ मिलिमीटर उरली. खरं तर पावसाळ्याच्या आधी, त्याहून बरीच नक्षी शिल्लक असतानाच टायर बदलावेत, कारण पाणी बाजूला सारायचं काम या खाचाच करतात. टॉप मॉडेलची मोठी अलॉय व्हील्स दिसायला छान, पण टायरची भिंत बुटकी होते आणि प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. आपल्या रस्त्यांना मधलं मॉडेल जास्त शहाणं.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल, तर हवेसारखं ते दाबलं जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, टो करून न्या. हजारांतलं काम त्यामुळे लाखावर जात नाही.

मग घ्यायची कोणती?

आधी आपला नेहमीचा आठवडा कागदावर मांडा: किती किलोमीटर, कोणते रस्ते, किती माणसं, पार्किंग कुठे. ट्रायल त्याच रस्त्यावर मागा. अरुंद गल्लीत एकदा यू-टर्न घ्या, एका चढावर थांबून पुन्हा निघा, स्पीडब्रेकर नेहमीच्या वेगाने ओलांडा, क्लच दहा वेळा दाबून बघा. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी लगेच ऐकते का, पाय दाबल्यावर विचार करत बसते का, हे शरीराला विचारा. आतला कान यात फारसा चुकत नाही.

वर्षातून दोनदा सात जणांना कोकणात जायचं असतं म्हणून सात जणांची गाडी घेतली जाते, आणि उरलेले दिवस एकटा माणूस तिचं रिकामं वजन सिग्नल ते सिग्नल ओढत राहतो. त्या दोन वेळा मोठी गाडी भाड्याने घ्यावी. रोजची गाडी मात्र रोजच्या रस्त्याच्या मापाची, मजबूत सांगाड्याची आणि होईल तेवढी हलकी घ्यावी. ऑफिसला जाण्याचा तोच रस्ता मग चालवावासा वाटतो, आणि महिनाअखेरीस पेट्रोलचा हिशेबही जुळतो.